ओसाड जमिनीतले मासे

यंदाच्या जानेवारीत एका शुक्रवारी दुपारी सव्वातीन वाजता, गोंदिया जिल्ह्यातील एका गावची बोडी पुण्याच्या एका भूगोल विभागाने नकाशावर ओसाड जमीन म्हणून नोंदवली. त्या वेळी बोडीत कमरेइतके पाणी होते.

बोडी म्हणजे लहान तलाव. ही माहिती मला रविवारी मिळाली. वाचकांची अडचण होऊ नये म्हणून आधीच देत आहे.

मी त्या अभ्याससहलीत निरीक्षक होतो. माझे एम.ए. याच विभागातले. त्यानंतरची नोकरी वर्तमानपत्रात झाली. विभागाचे मूल्यांकन जवळ आले होते. विद्यापीठात भूगोल शिकून विद्यार्थ्याला कोणती कौशल्ये मिळतात, याचा दाखला एका माजी विद्यार्थ्याने द्यावा, अशी मूल्यांकनाची अट होती. विभागाने त्यासाठी 'कौशल्यप्राप्ती प्रपत्र' छापले होते. त्यात बारा कौशल्ये होती: नकाशावाचन, उपग्रह प्रतिमांचे विश्लेषण, क्षेत्रपडताळणी, स्थानिक भाषेतील संवाद, समस्यानिराकरण, वगैरे. प्रत्येकापुढे तीन रकाने होते: उत्तम, चांगले, समाधानकारक. चौथा रकाना नव्हता. विद्यार्थ्यांनी रोज संध्याकाळी प्रपत्र भरायचे आणि मी खाली सही करायची, असे ठरले. अहवालाची भाषा तपासण्याचे कामही माझ्याकडे होते.

आम्ही तेरा जण होतो. प्रमुख प्रा. शिरोळे, अकरा विद्यार्थी आणि मी. गावच्या ग्रामपंचायतीने विभागाकडे नकाशा मागितला होता. एका योजनेत ओसाड जागांवर झाडे लावायची होती. अशा जागांची यादी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर होणार होती आणि यादीला विद्यापीठाचा शिक्का असलेला नकाशा जोडला तर वरच्या कार्यालयात शंका निघत नाही, असा ग्रामसेवकांचा अनुभव होता.

गावाचे नाव सरपंचांच्या विनंतीवरून दिलेले नाही.

गुरुवार

गोंदिया स्टेशनाबाहेर पहिला प्रश्न हिंदीत आला. "कहाँ जाना है, सर जी?" मृण्मयीने रिक्षावाल्याला मराठीत उत्तर दिले. त्याला ते पूर्ण समजले आणि तो पुढचे सगळे हिंदीत बोलला. मृण्मयी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, जन्म आणि शिक्षण पुण्यात. स्थानिक शब्दांची सूची करणे तिच्याकडे होते. तिने वहीत पहिली नोंद केली: 'जिल्ह्याची भाषा: हिंदी.'

मुक्काम कुडव्याला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. सामान टाकून आम्ही जीपने गावाकडे निघालो. धानाची कापणी आटोपली होती. चहूकडे लहान लहान चौकोनी शेते, प्रत्येकाला मातीचा कडा, आत कापलेल्या धानाचे बुडखे. खळ्यांवर तणशीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग. दर थोड्या अंतराने पाणी चमकत होते. प्रा. शिरोळे पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "हा तलावांचा जिल्हा आहे. लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतले.

जेवणाची सोय पंचायतीच्या सभागृहात होती. गावच्या महिला बचत गटाने स्वयंपाक केला होता आणि गटाच्या प्रमुख शामकलाबाई स्वतः वाढत होत्या. वय पन्नाशीचे, आवाज सभागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा. त्यांची शेती गावाच्या खालच्या अंगाला आहे. पुण्यात जेवण वाढणारी व्यक्ती "आणखी हवंय का?" असे विचारते. येथे आधी वाढतात आणि मग विचारतात.

"घ्या जी, लाजून कायले राहिले? पुन्याचे लोक एवढासाच भात खातेत का?"

"पुरे, मावशी. मासे मात्र फार छान झालेत," मृण्मयी म्हणाली. "कुठले आहेत?"

"बोडीतले."

"लांब आहे का बोडी?"

"नाही जी. मांगंच त हाये."

मृण्मयीने वहीत लिहिले: 'मासळीचा पुरवठा: बोडी (शेजारचे गाव?).' माझ्या वहीत गुरुवारच्या पानावर 'बोडीतले मासे, ताजे, रस्सा तिखट' अशी नोंद आहे. बोडी म्हणजे काय, हे मीही विचारले नाही.

संध्याकाळी प्रपत्रे भरली गेली. 'स्थानिक भाषेतील संवाद' या कौशल्यापुढे अकरा जणांनी 'उत्तम' वर खूण केली. मी सही केली.

शुक्रवार

सकाळी मुलाखती झाल्या. मृण्मयी शामकलाबाईंच्या अंगणात बसली. मी बाजूला होतो.

"तुम्ही कोणतं पीक घेता, मावशी?"

"आमचा सगरा भारी धान हाये."

"अरे वा, भारी!" मृण्मयी म्हणाली आणि तिने मनापासून हसून दाद दिली. शामकलाबाईही हसल्या. मृण्मयी कशाला हसली, ते त्यांना तेव्हा कळले नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले.

प्रश्नावलीत नोंद झाली: 'शेतकरी पिकाबाबत अत्यंत समाधानी.'

येथे भारी धान म्हणजे उशिरा पिकणारा. लवकर पिकणाऱ्याला हलका म्हणतात. भारी धानाला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, आणखी एक पाणी लागते. ते मिळाले नाही तर लोंबी उभी राहते आणि आत दाणा भरत नाही. शामकलाबाई हेही त्याच दमात सांगत होत्या, पण पुढचा प्रश्न घरात शौचालय आहे का हा होता आणि मृण्मयी तिथे पोहोचली होती.

दोन घरे सोडून एक म्हातारे गृहस्थ खाटेवर उन्हात बसले होते. गावात त्यांना सगळे आजा म्हणतात. काही त्रास आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "धुऱ्याचा लय तरास हाये. भावानं सरकवला ना इकडं, दोन हात!"

जिल्ह्यातल्या तिरोड्याला औष्णिक वीजकेंद्र आहे, हे विद्यार्थ्यांना पुण्याहून निघतानाच पाठ होते. नोंद झाली: 'धुराचा तीव्र त्रास. भाऊही बाधित.' धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. वीजकेंद्राचा या प्रकरणाशी कोणताही संबंध नव्हता.

दुपारी सभागृहात नकाशाचे काम सुरू झाले. पडद्यावर गावाची उपग्रह प्रतिमा होती. ती मे महिन्यातली होती, कारण मे महिन्यात ढग नसतात. ग्रामसेवकांनी गावातल्या जागांची यादी दिली होती. गावठाण, गोठान, स्मशान, शाळा, मोठा तलाव, बोडी. पुढे कोणतेही वर्णन नव्हते. गावात ते कोणाला लागत नाही.

मोठा तलाव निळा रंगवला गेला. त्याच्या नावात तलाव हा शब्द असल्याने अडचण आली नाही. मग मृण्मयीचे बोट पडद्यावरच्या एका फिकट, तपकिरी चौकोनावर थांबले.

"सर, ही बोडी. म्हणजे बोडकी ना? आपण बोडका डोंगर म्हणतो तसं?"

प्रा. शिरोळे यांनी प्रतिमा मोठी करून पाहिली. "वनस्पती नाहीच. व्युत्पत्तीही जुळते." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही वर्तमानपत्रातले. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "बोडणे, बोडका, बोडी. एकाच कुळातले शब्द असावेत."

शब्दसूचीत नोंद झाली: 'बोडी: बोडकी, वनस्पतिरहित, ओसाड जमीन.' सूचीच्या तळाशी भाषातज्ज्ञ म्हणून माझी सही आहे. चौकोनात पिवळा रंग भरला गेला तेव्हा सव्वातीन वाजले होते. सभागृहाच्या मागच्या खिडकीतून बोडी दिसते. खिडकी उन्हामुळे लावून घेतली होती.

शनिवार

नकाशा प्रत्यक्ष जमिनीवर तपासणे याला क्षेत्रपडताळणी म्हणतात. संपूर्ण गाव तपासणे शक्य नसते, म्हणून संगणक पाच बिंदू निवडतो. कोणाचाही पक्षपात होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

पहिला बिंदू तणशीच्या ढिगात निघाला. ढिगाखाली खळे होते. नकाशातही खळे होते. दुसरा बिंदू एका बसलेल्या म्हशीखाली होता. मालक म्हणाला, "उठवू नोका जी, आत्ताच बसली." आम्ही थांबलो. म्हैस उठल्यावर खाली शेत दिसले. नकाशातही शेत होते. तिसरा शाळेच्या छतावर, चौथा रस्त्याच्या मधोमध. पाचवा एका घराच्या अंगणात होता. तेथे आम्हाला खाली बसवून चहा दिला गेला आणि चहा संपल्यावर, आम्ही कोण आणि कायले आलो, हे विचारले गेले. पुण्यात हा क्रम उलटा असतो आणि पहिल्या भागातच संपतो.

पाचही बिंदू बरोबर निघाले. नकाशा अचूक असल्याचे प्रा. शिरोळे यांनी जाहीर केले.

चौथ्या बिंदूकडून पाचव्याकडे जाताना आम्ही एका उंच पाळीवरून चाललो. एका बाजूला पाणी होते, पाण्यावर शिंगाड्याची पाने पसरली होती, कडेला दोन बगळे. दुसऱ्या बाजूला, उतारावर, लहान लहान शेते एकाखाली एक. "किती सुंदर तळं आहे," असे एक विद्यार्थी म्हणाला. सगळे थांबले. अकरा जणांनी फोटो काढले. प्रा. शिरोळे हातातल्या यंत्रावर पाचवा बिंदू शोधत पुढे गेले होते. विभागाच्या संग्रहात त्या फोटोंखाली 'ग्रामीण निसर्ग' असे लिहिलेले आहे.

संध्याकाळी नकाशावर शिक्का बसला. ग्रामसेवकांनी तो तिथूनच तालुक्याच्या कार्यालयात पाठवला. "विद्यापीठाचं काम चोख असते," ते म्हणाले.

रविवार

सकाळी नागऱ्याला गेलो. तेथे जुने शिवमंदिर आहे. प्रा. शिरोळे यांनी दगडाच्या प्रकारावर पंधरा मिनिटे माहिती दिली. हार विकणाऱ्या बाईंनी ती पूर्ण ऐकली आणि विचारले, "भूगोलवाले हो का? फिर बताओ ना भैया, पाऊस यंदा कधी येईल?" प्रा. शिरोळे म्हणाले, हा विषय हवामानशास्त्राच्या पेपरात येतो. बाईंनी त्यांना हार दिला.

दुपारी नकाशाची मोठी प्रत सभागृहाच्या भिंतीवर लावली. शामकलाबाई जेवणाच्या पराती घेऊन आल्या आणि नकाशापुढे थांबल्या. त्यांनी आधी शाळा शोधली, मग स्वतःचे घर, मग मोठा तलाव. बोट खाली सरकत गेले.

"सर जी, हे पिवरं का हाये?"

"ओसाड जमीन," मृण्मयी म्हणाली.

"कोनती?"

"ही. बोडी."

शामकलाबाईंनी परात खाली ठेवली. "आमची बोडी ओसाड हाये?"

"नावातच आहे ना ते, मावशी."

"नावात? नाव जाऊ दे, बाई. तिच्यात पानी हाये. गुरुवारी तुमी मासे खाल्ले ते कोठचे होते? आभारातून पडले?"

शामकलाबाई मागच्या भिंतीकडे गेल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. शनिवारचे सुंदर तळे खिडकीत होते. मी वहीत गुरुवारचे पान काढले. नोंद जागेवर होती.

"अना ओसाड असली त का करनार तिचं?" त्यांनी विचारले.

मृण्मयीने हळू आवाजात सांगितले. "उद्या ग्रामसभेत यादी मंजूर झाली की मे महिन्यात खड्डे खोदतील. मग झाडं लावतील."

शामकलाबाई आधी मोठ्याने हसल्या. मग हसणे थांबले. "बोडीत झाडं? मंग माह्या बांध्यांचं का?"

बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. शामकलाबाईंच्या चार बांध्या बोडीच्या पाळीखाली आहेत, एकीखाली एक. मोठ्या तलावाचे पाणी तिकडे उतरत नाही. दिवाळीचे शेवटचे पाणी फक्त बोडीचे. तळात खड्डे पडून रोपे लागली तर पावसाळ्यात बोडी भरू देणार नाहीत, कारण रोपे बुडाली तर योजना बुडते. बोडी भरली नाही तर चारही बांध्यांतला धान पोचट. हे त्यांनी सांगितले तेव्हा मृण्मयीने शुक्रवारची प्रश्नावली काढून पाहिली. 'अत्यंत समाधानी' असे तीवर होते.

प्रा. शिरोळे म्हणाले, "मावशी, नकाशा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. प्रतिमा मे महिन्यातली आहे. मे महिन्यात तेथे पाणी नव्हते."

"मे मधी कोठं रायते जी पानी? तुमच्या पुन्याच्या नदीत रायते का?"

प्रा. शिरोळे यांनी तळटीप देण्याची तयारी दाखवली.

"टीप तुमच्याजवर ठेवा. चला, दाखवते."

आम्ही सगळे बोडीवर गेलो. प्रा. शिरोळे यांनी सीमा मोजण्यासाठी हातातले उपग्रहयंत्र सुरू केले आणि ते पाळीवरून खाली उतरले. शिंगाड्याच्या पानांवर त्यांनी पाय ठेवला. पाने पाण्यावर तरंगतात. प्रा. शिरोळे मांडीपर्यंत आत गेले, यंत्र हातातून सुटले.

सुकरामभाऊ नावाचे ढिवर, म्हणजे मासेमार, पलीकडे जाळे धूत होते. शिंगाडे आणि मासे दोन्ही त्यांच्याच मेहनतीचे. ते आत उतरले, दोन बुड्या मारल्या आणि यंत्र बाहेर काढले. ते सुरू होते. पडद्यावर यंत्राची जागा दाखवणारा ठिपका पिवळ्या चौकोनाच्या मधोमध होता.

"ह्या मशीनले पोहता येत नाही का जी?" सुकरामभाऊंनी विचारले.

प्रा. शिरोळे यांनी पाळीवर बसून बूट काढले, पाणी ओतले आणि ग्रामसेवकांना फोन लावला. नकाशा शनिवारीच पाठवला आहे, रविवारी कार्यालय बंद असते, आणि शिक्का असलेला कागद फोनवर मागे घेता येत नाही, असे उत्तर आले.

त्या संध्याकाळी प्रपत्र भरण्यासाठी मृण्मयीने पेन मागितले आणि विचारले, "सर, चौथा रकाना का नाहीये?"

"गरज पडत नाही," प्रा. शिरोळे म्हणाले.

सोमवार

झेंडावंदन झाले, मुलांना बुंदी वाटली गेली आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. सरपंच खेमराजभाऊ खुर्चीवर, ग्रामसेवक टेबलाशी, गाव सतरंज्यांवर. आम्हाला पाहुणे म्हणून पहिल्या ओळीत बसवले होते. वृक्षलागवडीचा विषय तिसरा होता. ग्रामसेवकांनी ओसाड जागांची यादी वाचली. 'बोडी' हा शब्द येताच मागून आवाज आला.

"थांबा जी." शामकलाबाई उभ्या होत्या.

सरपंच म्हणाले, "बोल ना वो, शामकला."

"बोडी ओसाड काऊन लिहिली?"

ग्रामसेवक म्हणाले, "मी नाही लिहिली, बाई. विद्यापीठानं लिहिली. शिक्का आहे. आपण गावपातळीवर शिक्का खोडू शकत नाही."

"मंग ज्यानं मारला त्याले विचारते. सर जी, उभे राहा."

प्रा. शिरोळे उभे राहिले. बूट अजून ओले असल्याने पायात सरपंचांच्या चपला होत्या.

"सांगा, बोडी म्हंजे का?"

"या भागात, स्थानिक वापरात..."

"या भागातच त उभे आहो आपन. येथचंच सांगा."

प्रा. शिरोळे यांनी एकदा ग्रामसेवकांकडे पाहिले. मग म्हणाले, "बोडी म्हणजे लहान तलाव."

सतरंजीवर हशा झाला. एक जण ओरडला, "पास!"

शामकलाबाई हसल्या नाहीत. त्यांचे बोट माझ्याकडे वळले. "अना हे पेपरवाले? खाली सही त ह्यायचीच हाये."

मी उभा राहिलो. शब्दाचा अर्थ मी दिला, गावात कोणालाही न विचारता दिला, आणि तो चुकीचा होता, असे सांगितले. ते इतिवृत्तात आहे.

त्यानंतर ठराव लिहिण्याचे काम वीस मिनिटे चालले. ग्रामसेवकांना शब्दरचना सापडत नव्हती. 'बोडी ओसाड नाही' असे लिहिले तर ती आधी ओसाड होती असा अर्थ निघेल, असे त्यांचे म्हणणे होते. 'बोडी हा जलसाठा आहे' असे लिहिले तर जलसाठ्याची मोजणी कोणी केली, असे वरून विचारतील.

सरपंच म्हणाले, "सरळ लिहा ना जी. बोडी ही बोडीच आहे."

"एवढंच?"

"मंग आनखी का हाये ती?"

ठराव एकमताने मंजूर झाला. मूळ शब्द असे आहेत: 'सर्वानुमते ठरले की, बोडी ही बोडीच आहे.' सूचक शामकलाबाई, अनुमोदक सुकरामभाऊ. सह्या चालू असताना खाटेवाल्या आजांनी हात वर केला.

"माह्या धुऱ्याचंबी टाका त्यात. पोरीनं लिहून नेलं होतं."

मृण्मयी उठून त्यांच्याजवळ गेली. "आजोबा, धुरा म्हणजे धूर ना?"

आजांनी हात खाली घेतला. "धूर सरकवता येते का वो, बाई?"

तिने वही उघडून त्या ओळीवर रेघ मारली. मग ती तेथेच बसली आणि शब्दसूची पहिल्या शब्दापासून त्यांना वाचून दाखवू लागली. सूचीत चाळीस शब्द होते. जीप निघेपर्यंत तिने सव्वीस तपासले. त्यांपैकी अकरा बरोबर होते. परतीच्या आधी भरलेल्या प्रपत्रात तिने पट्टीने चौथा रकाना आखला, वर 'येत नाही' असे लिहिले आणि 'स्थानिक भाषेतील संवाद' या ओळीत तेथे खूण केली. मी सही केली. छापील नमुन्यात बदल केल्याच्या कारणावरून विभागाने ते प्रपत्र मूल्यांकनातून वगळले. उरलेली दहा जोडली.

परतल्यानंतर

पुढची माहिती फोनवरून मिळालेली आहे. प्रत्येक गोष्ट सरपंच आणि शामकलाबाई या दोघांना स्वतंत्रपणे विचारून घेतली आहे. जेथे दोघांचे सांगणे जुळले नाही ते दिलेले नाही.

फेब्रुवारीत प्रा. शिरोळे यांनी दुरुस्त नकाशा पाठवला. तालुक्याच्या कार्यालयाने ठराव आणि दुरुस्त नकाशा दोन्ही मिळाल्याचे कळवले. पहिला नकाशा दप्तरी दाखल झालेला असल्याने बदल पुढील पुनरीक्षणाच्या वेळी विचारात घेतला जाईल, असे त्याच पत्रात होते.

मे महिन्यात बोडी आटली. त्यानंतर चौथ्या दिवशी खड्डे खोदण्याचे यंत्र गावात आले. चालकाकडे आदेश होता. त्यात जागेचे नाव 'बोडी (ओसाड)' असे होते आणि खड्ड्यांची संख्या होती. शामकलाबाई आणि बचत गटाच्या बाया सकाळपासून पाळीवर बसल्या. दुपारी कार्यालयाचे एक अभियंता आले. त्यांनी आदेश वाचला, ठराव वाचला आणि कोरड्या तळावरून एक फेरी मारली. तळात हातभर गाळ होता.

शामकलाबाईंनी त्यांना विचारले, "खड्डे किती दूर दूर पायजे, ते लिहिलं हाये का कागदावर?"

अभियंत्यांनी आदेश पुन्हा वाचला. संख्या होती, लांबी-रुंदी-खोली होती. दोन खड्ड्यांमधले अंतर लिहायचे राहून गेले होते.

खोदाई तीन दिवस चालली. निघालेला गाळ गावकऱ्यांनी आपापल्या बांध्यांत नेऊन टाकला. रोपे आली तेव्हा ती पाळीच्या बाहेरच्या अंगाने लावली. खड्ड्यांची आदेशातली संख्या पूर्ण झाल्याचा अहवाल कार्यालयाने स्वीकारला.

"बरोबर लिहिलं तेवढेच खड्डे खोदले जी," शामकलाबाई फोनवर म्हणाल्या. "एकाले एक लावून. आता एकच खड्डा दिसते."

बोडी ऑगस्टमध्ये पाळीच्या काठापर्यंत भरली. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सुकरामभाऊंनी पाळीतले तोंड उघडून पाणी सोडले. ते शामकलाबाईंच्या चौथ्या, सगळ्यात खालच्या बांधीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. धान भरला. कापणी झाली आहे.

तालुक्याच्या कार्यालयातल्या नकाशावर ती जागा पिवळी आहे.